गुरुवारी पाणी बंद

नाक्यावर मी बसते. पत्र्याची खोली, टेबल,
रजिस्टर, दोरीला बांधलेला पेन
(तरी महिन्याला दोन जातात).
माणशी तीस. कॅमेऱ्याचे शंभर.
प्लास्टिकच्या बाटलीला पन्नास अनामत,
परतताना बाटली दाखवा, पैसे घेऊन जा.
पलीकडे जंगल.
मी त्यात शेरडं घेऊन जायचे तेव्हा
आत आणि बाहेर असं काही नव्हतं,
फक्त वर आणि खाली होतं.

शनिवारी-रविवारी पुणं येतं.
विचारतं, वाघ आहे का? रेंज कुठं येते?
मी सांगते, शेकरू आहे.
रेंज उंबराखाली, तीही एकच कांडी.

हे आले ते गुरुवारी.
एसटीच्या फाट्यापासून चालत, पायात रबरी बूट,
फेब्रुवारीत.
काशिनाथ खिलारे, वय सदुसष्ट, जनता वसाहत, पर्वती पायथा.
उद्देश या रकान्यात सगळे पर्यटन लिहितात,
नाहीतर वरच्याचं बघून नुसती दोन टिंबं.
यांनी लिहिलं : पाणी.

साठीपुढचा माणूस एकटा सोडायचा नाही, असा नियम.
खुर्चीत भिकाला बसवून मी संगं निघाले.

चढाला दम लागला की ते बोलत.
एकतीस वर्षं व्हॉल्व्हवर होतो.
पहाटे चारला लोखंडी चावी खांद्यावर, सायकलला कंदील.
कुठल्या गल्लीला किती आटे, बोटांत होतं सगळं.
गुरुवारी पाणी बंद.
गुरुवारी कुणालाच नाही,
म्हणून गुरुवारी मला शिव्या नाहीत.

हिरड्याखाली थांबले. वर शेकरू,
फांदीवरून फांदीवर तांबडी शेपटी.
त्यांनी पाहिलंच नाही. कान दुसरीकडे.
अजून वळणही आलं नव्हतं तर म्हणाले,
दीड इंची असेल.

होतंच तेवढं. कातळाच्या भेगेतून,
शेवाळावरून, कुणाला न विचारता.
उकिडवे बसले. हात लावला नाही.
मनगट मात्र आपोआप फिरत होतं,
डावीकडे, थोडं अजून डावीकडे.
मग मला विचारलं,
रात्री कोण बंद करतं?

मला हसू आलं. त्यांनाही.

नंतर बराच वेळ पाण्याकडेच बघून बोलले.
एका उन्हाळ्यात वरून चिठ्ठी आली,
शेवटच्या गल्लीची दहा मिनिटं काढ,
बंगल्यांच्या रांगेला दे.
मी काढली. दोन महिने काढली.
त्या गल्लीत माझी बहीण राहायची.
तिनं कधी विचारलं नाही.
रोज दारात हंडा पालथा ठेवायची,
मी जाताना दिसेल असा.

काय बोलावं मला कळेना.
म्हणून मी वस्तीचं सांगितलं :
हेच पाणी खाली ओढ्याला, ओढा मुठेला,
मुठा तुमच्या चावीला.
आणि आमच्या ढेबेवस्तीवर मे महिन्यात टँकर येतो.
पाइप आलाय. निळा आहे. पोरं त्यात तोंड घालून ओरडतात.

ते माझ्याकडं वळले.
किती घरं?
सतरा.
चढ किती?
दाखवला हातानं.
बोटांवर काहीतरी मोजत राहिले,
मग मोजणं मध्येच सोडलं.

उतरलो. बाटली दाखवली त्यांनी,
स्टिकर नंबर एकशे चौदा. रिकामी.
भरली का नाही म्हटलं, तर म्हणाले,
उद्या येईल की नळाला.
पन्नासची नोट टेबलावरच राहिली.
विसरले की ठेवली, रजिस्टरात तसा रकाना नाही.
ड्रॉवरमध्ये आहे, स्टिकर लावून.

सहाला मी फाटक ओढते, कुलूप घालते.
फाटकाखालच्या मोरीतून ओहोळ बाहेर पडतो
तिथं माझी कळशी लावलेली असते.
आधी मी नुसती वाट बघायचे. आता कान देते.
परवा एक इंची होतं.
आज त्याहून कमी,
आणि मे अजून लांब आहे.